लहान लेथवर फोर-वे ठेवायचा की क्विक चेंज टूल पोस्ट बसवायचा?

छोटं लेथ घेतलंय, फोर-वे टूल पोस्टवर (चार बाजूंना टूल धरणारा फिरता ठोकळा) काम चालू आहे आणि आता क्विक चेंज (टूल होल्डरसकट झटपट काढता-घालता येणारा पोस्ट) घ्यावा की नको यात अडकलाय, अशांसाठी हे लिहितोय. मी स्वतः या प्रश्नात बरेच महिने घालवले आणि पहिली खरेदी चुकलीच, ती का चुकली तेही पुढे सांगतो.

माझं मशीन ७ इंच स्विंगचं (म्हणजे जास्तीत जास्त ७ इंच व्यासाचा जॉब फिरू शकणारं) चायनीज आहे, भांडुपला मामांच्या गाळ्यात कोपऱ्यात ठेवलंय, आणि त्याच्या शेजारीच मामांचं साडेचार फुटी मशीन. मामा मूळचे गिरणीच्या वर्कशॉपमधले टर्नर, ८२ च्या संपानंतर गिरणी सुटली तेव्हापासून जॉबवर्क करतात. त्यांचा हात फोर-वेवर बसलेला, माझा क्विक चेंजवर, त्यामुळे दोन्हीची तुलना आमच्याकडे रोज समोरासमोर होते.

आधी फोर-वे, कारण तो मशीनबरोबर आलेलाच आहे. लोक त्याला उगाच नावं ठेवतात. चार टूल एकदम लागतात, हँडल सैल केलं की फिरवला, परत आवळला, झालं. आणि तो कडक असतो, टूल थेट पोस्टच्या पोटात दोन-तीन बोल्टखाली दाबलेलं, मध्ये दुसरा कुठला जोड नाही. मामांना २०० बुशची ऑर्डर आली की फेसिंग (तोंड सपाट करणं), टर्निंग, चँफर (कड मारणं), पार्टिंग (जॉब कापून वेगळा करणं) अशी चार टूल ते सकाळी एकदा लावतात आणि संध्याकाळपर्यंत त्यांना पाना हातात घ्यावा लागत नाही. अशा कामात क्विक चेंजने काहीच वाचत नाही, उलट दर वेळी होल्डर काढा आणि घाला.

त्रास होतो तो पॅकिंगचा. टूलची धार बरोब्बर सेंटरला, म्हणजे फिरणाऱ्या जॉबच्या मध्याच्या उंचीला यायला हवी आणि फोर-वेमध्ये ते फक्त टूलखाली पट्ट्या घालूनच होतं. आमच्याकडे तुटलेल्या हॅक्सॉ ब्लेडच्या तुकड्यांचा एक डबाच आहे, एक तुकडा म्हणजे साधारण ०.६५ मिमी, त्यावर पत्रा, त्यावर कोल्ड्रिंकच्या कॅनचा तुकडा. एचएसएसच्या (हाय-स्पीड स्टीलच्या) बिटला वरून धार लावली की उंची कमी होते, म्हणजे पुन्हा डबा उघडा. ज्याचं काम रोज वेगळं, आज पितळेचा नॉब, उद्या ॲल्युमिनियमची पुली, परवा मोटरचा शाफ्ट, त्याचा निम्मा वेळ या डब्यात जातो. आणखी एक, चार टूल लावली की चारही बाजूंना टोकं बाहेर येतात, छोट्या मशीनवर टेलस्टॉक जवळ असतो आणि हात कापतो. मी शेवटी शेवटी दोनच टूल लावायचो.

क्विक चेंजमध्ये प्रत्येक टूलला स्वतःचा होल्डर. होल्डरवर एक उभा स्क्रू आणि नट असतो, तो पोस्टच्या डोक्यावर टेकतो, त्यावरून उंची ठरते. एकदा सेट करून लॉक नट आवळला की तो होल्डर महिन्याने परत चढवला तरी टूल सेंटरलाच येतं. धार लावल्यावर उंची उतरली तर नट थोडा फिरवायचा. एवढंच आहे, पण रोज वेगळं काम करणाऱ्याला याच्यासारखं सुख नाही.

आता यातले प्रकार. बाजारात मुख्यतः दोन दिसतात, पिस्टन आणि वेज, बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात आणि दुकानदार फरक सांगेलच असं नाही. पिस्टनवाल्यात हँडल फिरवलं की आतून एक गोल खुंटी बाहेर येऊन होल्डरला बाहेर ढकलते, आणि होल्डर डोव्हटेलच्या (तिरक्या कडांच्या खाचेच्या) दोन उतारांवर अडकून बसतो. वेजवाल्यात एक लांब पाचर वरखाली सरकते आणि होल्डरला पोस्टच्या अंगावर ओढून घेते. म्हणजे एकात होल्डर पोस्टपासून लांब ढकलून अडकवलेला, दुसऱ्यात पोस्टला चिकटवून दाबलेला. होल्डर काढून परत लावल्यावर पुन्हा त्याच जागी बसण्यात वेज पुढे, जड कटला आणि पार्टिंगलाही पुढे. किंमत वेजची जास्त. माझं मत विचाराल तर हलकं काम असेल, पितळ-ॲल्युमिनियम जास्त, तर पिस्टन चालतो, एम.एस. (माइल्ड स्टील) आणि पार्टिंग नेहमीचं असेल तर थोडं थांबून वेजच घ्या.

तिसरा एक स्वस्त प्रकार म्हणजे ॲल्युमिनियमचे छोटे सेट, मिनी लेथसाठी म्हणून विकतात. माझी चुकीची खरेदी हीच. हलका कट घेईपर्यंत ठीक चालला, पण टूल दाबणारे स्क्रू थेट ॲल्युमिनियममध्ये, रोज आवळून सोडून दोन होल्डरचे आटे काही महिन्यांतच गेले. घड्याळाच्या कामासारखं बारीक काही करत असाल तर घ्या, लोखंड कापायचं असेल तर स्टीलचाच बघा.

मल्टीफिक्स नावाचा मूळ स्विस प्रकारही आहे, गोल पोस्टला बाहेरून दात असतात आणि होल्डर त्यावर ४० वेगवेगळ्या जागी बसतो, म्हणजे दर ९ अंशाला. टूलचा अँगल सारखा बदलणाऱ्यासाठी याहून चांगलं काही मी पाहिलेलं नाही. पण होल्डर महाग पडतात, आणि नवशिक्याला ४० पैकी दोन-तीनच जागा लागतात.

आता साईज, इथे सगळ्यात जास्त लोक फसतात. अमेरिकेच्या अलोरिसच्या पद्धतीने ओएक्सए, एएक्सए, बीएक्सए अशी नावं चालतात. ढोबळ हिशोब असा की ८ इंच स्विंगपर्यंत ओएक्सए, १२ इंचपर्यंत एएक्सए, साधारण १० ते १५ ला बीएक्सए. पण हे आकडे स्विंगचे आहेत आणि आपल्याकडे लेथ विकताना सेंटर हाईट सांगतात, जी स्विंगच्या निम्मी असते. मामांच्या मशीनची सेंटर हाईट साडेसहा इंच, म्हणजे स्विंग १३ इंच, त्याला बीएक्सए लागतो. नुसता साडेसहा आकडा धरून नागदेवीला, मुंबईच्या हत्यारांच्या बाजारात गेलात तर ओएक्सए घेऊन याल आणि तो त्या मशीनवर खेळण्यासारखा दिसेल.

आणि स्विंगवरूनसुद्धा शेवटचं ठरवू नका. खरं माप एकच, कंपाउंडच्या (टूल पोस्ट ज्यावर बसतो त्या स्लाइडच्या) वरच्या सपाट जागेपासून स्पिंडलच्या सेंटरपर्यंतची उंची. फोर-वे काढा, हेडस्टॉकला डेड सेंटर लावा, त्याच्या टोकापर्यंत कंपाउंडवरून मोजा. माझ्याकडे ते २३ मिमी आलं. आता टूलची जाडी वजा करा. १० मिमीचं टूल वापरायचं तर होल्डरच्या खाचेचा तळ कंपाउंडपासून १३ मिमीवर यायला हवा. होल्डरच्या खालच्या ओठाची जाडी ९ मिमी असेल तर ४ मिमी खेळायला मिळतात, छान. १२ चं टूल असेल तर तळ ११ ला, दोनच मिमी उरले, जेमतेम. १६ चं टूल म्हणजे तळ ७ ला, ओठच ९ चा, म्हणजे नाहीच. काही पोझिशनला होल्डर कंपाउंडच्या कडेबाहेर लटकतो आणि ओठ खाली उतरू शकतो, पण त्या भरवशावर पैसे घालू नका. म्हणूनच छोट्या मशीनवर एएक्सए घेतला की टूल खाली येतच नाही आणि मग कंपाउंडचा माथा मिलिंगवर उतरवायची वेळ येते, ते मला तरी पटत नाही, कंपाउंड आधीच बारीक असतं. उलट मापात पोस्ट बुटका पडला तर खाली सपाट ग्राइंड केलेली प्लेट घालता येते, हा त्रास कमीच.

दुकानात जाताना कॅलिपर आणि तुमचं नेहमीचं एक टूल खिशात ठेवा. मी दुसऱ्यांदा गेलो तेव्हा ठेवलं होतं. मस्जिदला उतरून नागदेवीच्या गल्लीत शिरलं की दोन-तीन तासांत बऱ्याच दुकानांत हाताळून बघता येतं, आणि ऑनलाईन फोटोवरून जे कळत नाही, ते म्हणजे होल्डर पोस्टवर कसा सरकतो, ते हातालाच कळतं. सेटमधले सगळे होल्डर एकेक करून चढवून बघा. एका दुकानात मला दाखवलेल्या सेटमधले दोन होल्डर अर्ध्यात अडकत होते, तेल लावा मग सरकेल म्हणाले, मी तो ठेवून पुढच्या दुकानात गेलो. सेट बराच जड असतो, स्लो लोकलमध्ये भांडुपपर्यंत पिशवीचे बंद हाताला रुतले, पाठीची बॅग न्या.

आता बसवण्याचं. मोठ्या मशीनवर कंपाउंडला टी-स्लॉट (उलट्या टी आकाराची खाच) असतो आणि पोस्टबरोबर चौकोनी टी-नटचा कच्चा तुकडा येतो, तो तुमच्या स्लॉटच्या मापाला मिलिंग करून घ्यायचा, मिलिंग नसेल तर शेजारच्या गाळ्यात करून मिळतो. दोन गोष्टी मात्र स्वतः उभं राहून बघा. टी-नटचा माथा कंपाउंडच्या पातळीपेक्षा थोडा खालीच राहिला पाहिजे, वर आला तर पोस्ट नटवर टेकतो, कंपाउंडवर बसतच नाही, कितीही आवळा. आणि बोल्ट टी-नटच्या खालून बाहेर येऊन स्लॉटच्या तळाला टेकता कामा नये. टेकला की तो जॅकसारखं काम करतो, वर नट स्लॉटच्या ओठांना उचलतो, खाली बोल्ट तळाला ढकलतो, आणि बिडाचे ओठ तुटतात. मामा म्हणून शेवटचे दोन आटे पाडतच नाहीत, बोल्ट तिथे आपोआप थांबतो. टी-नट जमेल तेवढा लांब ठेवा म्हणजे दाब पसरतो.

माझ्यासारख्या मिनी लेथवर टी-स्लॉट नसतो, कंपाउंडमधून एक स्टड वर आलेला असतो, माझा एम १०. पोस्टचं भोक त्यापेक्षा मोठं, म्हणजे तसाच बसवला तर पोस्ट इकडेतिकडे सरकणार. त्यासाठी एक बुश टर्न करा, आतून स्टडवर सरकता, बाहेरून पोस्टच्या भोकात हलक्या हाताने जाणारा, आणि उंचीला भोकापेक्षा अर्धा मिमी कमी. बुश भोकापेक्षा उंच झाला की सगळा दाब बुशवर. काही मशीनवर फोर-वे फिरवताना अडकायची स्प्रिंगवाली पिन असते, ती काढायला विसरू नका, नाहीतर पोस्ट एका बाजूला तिरका उचलला जातो आणि कारण सापडत नाही. बसवायच्या आधी कंपाउंडच्या माथ्यावर सपाट दगड फिरवून कडेचे बर (उठलेले कंगोरे) काढा.

पोस्ट सरळ करायला डायल इंडिकेटर असेल तर होल्डरच्या कडेला लावून क्रॉस स्लाइड फिरवा. नसेल तर पोस्टची बाजू चकच्या तोंडाला टेकवून आवळा, पार्टिंग आणि नर्लिंग (पकडीसाठी खरखरीत नक्षी उठवणं) सोडून बाकी कामाला तेवढं पुरतं. मग उंची. बारवर आणि टूलच्या टोकात स्टीलची पातळ पट्टी अलगद पकडायची. पट्टी उभी सरळ राहिली तर टूल सेंटरला. पट्टीचा वरचा भाग तुमच्याकडे झुकला तर टूल खाली आहे, तुमच्यापासून लांब, मागच्या बाजूला झुकला तर वर आहे. नंतर एक फेसिंग मारून बघा, मध्ये बोंडी राहिली तर अजून थोडं जमायचंय.

एक तोटा खरेपणाने सांगायला हवा. फोर-वेमध्ये टूल पोस्टच्या पोटात असतं, क्विक चेंजमध्ये पोस्टच्या बाहेर लटकलेल्या होल्डरमध्ये. म्हणजे धार कंपाउंडच्या आधारापासून पुढे गेली. मोठ्या मशीनला हे जाणवत नाही, छोट्याला जाणवतं, पार्टिंगला तर नक्कीच, मशीन थरथरतं आणि ब्लेड चावतो. उपाय आहेत. कंपाउंड जमेल तेवढं मागे घ्या म्हणजे पोस्ट आधारावर येतो, गिब (स्लाइडचा ढिलेपणा काढणारी पट्टी) आवळा, पार्टिंग ब्लेड जॉबच्या निम्म्या व्यासापेक्षा एक-दोन मिमीच जास्त बाहेर ठेवा. एवढं करून माझ्याकडे २० मिमीचा एम.एस. बार २ मिमीच्या ब्लेडने शांतपणे कापला जातो. त्याहून जाड असला की मी हॅक्सॉ घेतो.

पैशांचा हिशोब करताना पोस्टची किंमत बघून थांबू नका. सेटमध्ये साधारण पाच होल्डर येतात, त्यात एक नर्लिंगचा, एक बोरिंग बारचा, एक पार्टिंगचा, म्हणजे रोजच्या टूलला दोनच उरले. मग परत होल्डर काढून टूल बदलणं सुरू, आणि ज्यासाठी पैसे घातले तेच गेलं. निदान आठ होल्डर तरी लागतात. म्हणून असा साईज घ्या ज्याचे सुटे होल्डर सहज मिळतात, इथेच ओएक्सए, एएक्सए, बीएक्सए ही साधी नावं बाकी सगळ्यांवर मात करतात. पावसाळ्यात होल्डरच्या डोव्हटेलला तेलाचा हात फिरवा, आमच्या गाळ्यात जुलैत काळ्या पॉलिशवरसुद्धा आठ दिवसांत लालसर डाग धरतो आणि मग होल्डर अर्ध्यात अडकतो.

मग कोणी काय घ्यावं? एकाच जातीचा माल शेकड्याने करत असाल तर फोर-वेच ठेवा, पैसे चांगल्या चकला घाला. शिकत असाल आणि लेथ घेऊन दोन महिनेच झालेत तर अजून सहा महिने पॅकिंग करा, टूल वरखाली झालं की कट कसा बिघडतो ते हाताला कळू दे. रोज वेगळं काम असेल, दुरुस्तीचं, मॉडेलचं, एकेक नगाचं, तर स्टीलचा वेज, आपल्या मापाचा, आणि सुरुवातीलाच तीन जादा होल्डर. पण जुना फोर-वे विकू नका. मामांनी यंदा बीएक्सए बसवला तेव्हा फोर-वेला त्याच टी-नटवर बसेल असा बोल्ट करून घेतला, आता दुरुस्तीचं काम आलं की बीएक्सए आणि बुशची ऑर्डर आली की फोर-वे, अदलाबदलीला एक नट सोडायचा.