घरात ससा आहेच. दुसरा आणताना पिल्लू घ्यावं की मोठा?

आमच्या काजूला सोबत म्हणून मी दोन महिन्यांचं पिल्लू आणलं तेव्हा आईने विचारलं, "हिला सवत आणलीस की भाऊ?" मी ठामपणे म्हटलं, बहीण. दुकानदाराने तसंच सांगितलं होतं. दीड महिन्याने बहिणीला वृषणं दिसू लागली. काजूचं नसबंदीचं ऑपरेशन आधीच झालेलं होतं म्हणून वाचलो, नाहीतर महिन्याभरात घरात पाळणाघर उघडावं लागलं असतं. सशाची मादी साधारण 31 दिवसांत वीते आणि व्याल्यावर त्याच दिवशी पुन्हा गाभण राहू शकते.

म्हणून दुसरा ससा आणू पाहणाऱ्यांना मी पहिल्यांदा एकच विचारते: घरातल्या सशाचं ऑपरेशन झालंय का? झालं नसेल तर पिल्लू की मोठा हा प्रश्न नंतरचा.

पिल्लाच्या बाजूने लोक जे बोलतात ते खोटं नाही. ते हाताला लवकर सवय करून घेतं, कुकरच्या शिट्टीला आणि मिक्सरला चटकन सरावतं. पण "पिल्लू आहे, मोठा ससा त्याला सांभाळून घेईल" ही समजूत मात्र फसवी. ससा म्हणजे मांजरी नव्हे की कुणाचंही पिल्लू कुशीत घेईल. अनोळखी पिल्लू त्याच्या लेखी घुसखोर असतं. पिल्लाची कातडी पातळ असते, आणि ऑपरेशन न झालेली मोठी मादी एका चाव्यात ती फाडू शकते. काही घरांत पहिल्या दिवसापासून दोघं गळ्यात गळा घालून झोपतात, त्याचे फोटोही सगळीकडे फिरतात. तीच जोडी पिल्लू चार-पाच महिन्यांचं झालं की एका रात्रीत केस उपटायला लागते, कारण पिल्लू वयात येतं आणि मैत्रीचा हिशोब नव्याने मांडला जातो. एकदा जबर भांडण झालं की ससे ते विसरत नाहीत, पुन्हा जमवायला महिने जातात.

त्यामुळे पिल्लू आणायचं तर वेळेचं गणित आधी करा. आठ आठवड्यांच्या आतलं घेऊच नका. आईपासून लवकर तोडलेल्या पिल्लाचं पोट बिघडतं आणि ते हातचं जातं. आल्यावर दोन आठवडे वेगळ्या खोलीत, कारण बाजारातून खरूज आणि जंत सोबत येतात. (खरूज दिसली म्हणून कुत्र्याचं गोचिडाचं औषध लावू नका. त्यात फिप्रोनिल असेल तर सशाला ते विष आहे.) नर असेल तर चौथ्या-पाचव्या महिन्यात ऑपरेशन, मादी असेल तर सहाव्याच्या आसपास. त्यानंतरही नराला चार ते सहा आठवडे मादीपासून लांब ठेवायचं, कारण तेवढे दिवस तो बाप होऊ शकतो. म्हणजे खरी ओळखपाळख सुरू होईपर्यंत चार-पाच महिने दोन पिंजरे, दोन पाण्याची भांडी, दोनदा झाडलोट. वन बीएचकेमध्ये हे जमेल का, ते स्वतःला खरंखरं विचारा.

खाण्याचंही वेगळं. पिल्लाला हिरवी लसूणघास (ल्युसर्न हा चारा, लसूण नव्हे) चालते, उलट वाढीसाठी हवीच असते. मोठ्याला तीच रोज पोटभर दिली तर कॅल्शियम जास्त होऊन लघवीचे त्रास होतात. त्याचा मुख्य आहार म्हणजे साधं वाळलेलं गवत. दोघं एकत्र असतील तर कोण काय खातंय यावर पहारा ठेवावा लागतो.

आता ऑपरेशन झालेला मोठा ससा. याच्या बाबतीत नर की मादी हे पक्कं माहीत असतं. स्वभाव समोर दिसतो. सगळ्यात मोलाचं म्हणजे, आपल्या सशाला घेऊन जाऊन आधी भेट घडवता येते. कुणाशी पटतंय ते ससाच सांगतो. ऑपरेशन झालेला नर आणि ऑपरेशन झालेली मादी ही सगळ्यात सोपी जोडी. दोन माद्या जमतात, पण रुसवेफुगवे फार. दोन नर तर ऑपरेशनाशिवाय नकोतच.

मोठ्याची अडचण ही की पहिले आठ दिवस पिल्लापेक्षा जास्त धुसफूस होते. दोघांचाही हक्क गाजवायचा स्वभाव ठरलेला असतो. शिवाय ऑपरेशन झालेला ससा दुकानात मिळत नाही. प्राणी वाचवणाऱ्या गटांकडे विचारावं लागतं, किंवा मुलांची हौस फिटली म्हणून ससा देऊन टाकणारं एखादं कुटुंब भेटतं. अशा कुटुंबाकडच्या सशाचं ऑपरेशन बहुधा आपल्यालाच करून घ्यावं लागतं, पण निदान त्याच्या वाढीची वाट पाहावी लागत नाही.

माझं मत विचाराल तर मोठाच घ्या. पिल्लू घ्यावं ते दोन्ही गोष्टी जुळल्या तरच: घरातल्या सशाचं ऑपरेशन झालेलं आहे, आणि सशाला भूल देण्याचा सराव असलेला डॉक्टर तुमच्या आवाक्यात आहे. पुण्या-मुंबईत असा डॉक्टर शोधला तर सापडतो. लहान गावात बहुतेक सगळा भर गाई-म्हशींवर असतो, तिथे हा प्रश्न फोन करून आधीच सोडवा. ऑपरेशनाआधी सशाला उपाशी ठेवायला सांगणारा डॉक्टर असेल तर दुसरा पाहा. सशाला उलटी होतच नाही, आणि उपाशी राहिल्यास त्याचं आतडं थांबतं.

आणि पिल्लू आधीच घरात आलेलं असेल तर? दोन पिंजरे शेजारी ठेवा, मध्ये चार बोटांची फट, म्हणजे नाकाला चावे बसणार नाहीत. पिल्लू सळ्यांमधून निसटत नाही ना ते पाहा. एक दिवसाआड दोघांच्या लेंड्यांचे ट्रे अदलाबदल करा, वासाची ओळख होते. जाळीच्या दोन बाजूंना एकाच वेळी कोथिंबीर द्या. ऑपरेशन आणि त्यानंतरचे आठवडे संपले की पहिली भेट काजूच्या खोलीत नको, जिथे दोघांपैकी कुणीच फिरलेलं नाही अशा जागी घडवा. आमच्याकडे ती जागा म्हणजे बाथरूम, खाली जुनी सतरंजी. पंधरा मिनिटं पुरे. एकमेकांवर चढणं, थोडा पाठलाग, एखादा केसांचा पुंजका, एवढं चालतं. कान मागे, शेपूट वर आणि दोघं गोल गोल फिरायला लागले की लगेच मध्ये जाड टॉवेल टाका, उघडा हात नाही. मी घातला होता, अंगठ्यावर खूण अजून आहे.

काजूने तिसऱ्या आठवड्यात मान खाली घालून त्या पिल्लापुढे डोकं टेकवलं, चाट म्हणून. त्याने आधी तिची कोथिंबीर संपवली आणि मग चाटलं.