ऑइल वाढलं आणि ६२ हजारांना बुडालो

गाडी ऑइल पिते हे ऐकून होतो. माझ्या २०२१च्या बीएस-६ डिझेलमध्ये ते वाढलं. डिपस्टिक, म्हणजे ऑइल मोजायची पट्टी, पुसून पुन्हा घातली तरी 'मॅक्स'च्या बोटभर वर. ऑइल पातळ, वास चक्क डिझेलचा. बदलून जेमतेम चार हजार किलोमीटर झाले होते.

कुर्ल्याच्या गॅरेजवाल्याने कागदावर एक थेंब टाकला, तो पसरताना बघत मान हलवली. "साहेब, चारही इंजेक्टर गळतायत. असंच चालवलंत तर इंजिन बसेल." इंजेक्टर म्हणजे सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे नोझल. इंजिन बसेल म्हटलं की माझं डोकं बंद पडतं. ६२ हजार मोजले. जुने इंजेक्टर मागितले तर म्हणे एक्स्चेंजमध्ये गेले.

दोन महिन्यांत ऑइल पुन्हा वर. या वेळी ठाण्याला एका मेकॅनिककडे गेलो. त्याने कव्हर काढून टॉर्च मारला. इंजेक्टरच्या बोल्टांवर तेलमातीची पुटं जशीच्या तशी. पाना लागलाच नव्हता! मग त्याने विचारलं, "रोज किती चालते?" म्हटलं, चेंबूर ते बीकेसी. "मग बरोबर आहे."

सायलेन्सरच्या वाटेवर डीपीएफ असतो, काजळी अडवणारा. तो भरला की गाडी ती काजळी आपणच जाळते. त्यासाठी धूर ६०० अंशांच्या आसपास तापवावा लागतो, म्हणून बऱ्याच गाड्यांत सिलिंडरमध्ये उशिरा जादा डिझेल मारलं जातं. त्यातलं थोडं भिंतीवरून खाली ऑइलमध्ये उतरतं. हायवेला हे काम पंधरा-वीस मिनिटांत उरकतं. मी सिग्नलांवर रांगत ऑफिस गाठायचो आणि इंजिन बंद करायचो. जाळणं अर्धवट; दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरुवात, पुन्हा डिझेल खाली. आता महिन्यातून दोनदा रात्री ईस्टर्न एक्स्प्रेसवरून ठाण्यापर्यंत जाऊन येतो, आणि ऑइल ठरल्या किलोमीटरच्या आधीच बदलतो.

गळक्या इंजेक्टरनेही ऑइल वाढतं, म्हणून तर ही थाप पचते. कोणी इंजेक्टर गेले म्हटलं तर आधी स्कॅनरवरचे आकडे आणि रिटर्न टेस्ट (इंजेक्टरमधून परत जाणारं डिझेल मोजतात ती) दाखव म्हणा, आणि काम होताना तिथेच उभे राहा.

ऑइलचं तर वेगळंच. कुर्लेवाल्याने पैसे घेतले डीपीएफ गाड्यांच्या कमी राखेच्या 'सी-३' ऑइलचे, ओतलं मात्र ड्रममधलं सुटं. साध्या ऑइलची राख जास्त, आणि ती काजळीसारखी जळत नाही, डीपीएफमध्ये साठतच जाते.

कुर्ल्याला भांडायला गेलो तर गॅरेजवाल्याने माझंच बिल माझ्यासमोर धरलं. कोऱ्या कागदावर 'इंजिन काम व ऑइल', खाली रक्कम. ना जीएसटी नंबर, ना शिक्का.