एमबीएचा अर्ज: आत्ताच, की दोन-तीन वर्षं थांबून?

नोकरीला जेमतेम वर्ष-दीड वर्ष झालंय आणि परदेशातल्या एमबीएचे फॉर्म खुणावतायत, त्यांच्यासाठी हे. मी दोन्हींचा विचार करून शेवटी थांबलो, तेव्हा माझं मत थोडं त्या बाजूला झुकलेलं आहे हे धरूनच वाचा.

लवकर जाण्याची बाजू काही लंगडी नाही. पगार लहान असतो तेव्हा तो सोडणं जड जात नाही, अभ्यासाची सवयही मोडलेली नसते. शिवाय सप्टेंबरच्या पहिल्या राउंडला, म्हणजे अर्जांच्या पहिल्या फेरीला, अर्ज केला तरी वर्ग भरतो पुढच्या ऑगस्ट-सप्टेंबरात. म्हणजे आजचा दीड वर्षाचा अनुभव तोवर अडीच वर्षांचा होतो.

थांबलात तर वर्गात वयाने-अनुभवाने बरोबरीचे लोक भेटतात. हार्वर्डसारख्या ठिकाणी सरासरी अनुभव पाच वर्षांच्या आसपास असतो, फ्रान्समधल्या इन्सीआडला सरासरी वय २९. कमी अनुभवाने तिथे कुणी दार लावून घेत नाही. पण वर्गात केसवर, म्हणजे एखाद्या कंपनीवर आलेल्या प्रसंगावर, चर्चा रंगली की ‘आमच्याकडे असं झालं होतं’ म्हणायला गाठीशी काहीतरी लागतं. पुढे प्लेसमेंटलाही मागचं काम विचारतातच.

माझं घोडं मात्र अडलं ते रेकोपाशी, म्हणजे शिफारसपत्रापाशी. बऱ्याच बिझनेस स्कूल्सच्या शिफारसपत्रात दोन प्रश्न ठरलेले असतात. एक, अशाच कामातल्या इतर चांगल्या लोकांच्या तुलनेत हा उमेदवार कसा आहे? दुसरा, तुम्ही त्याला दिलेला सर्वांत महत्त्वाचा सुधारणेचा सल्ला कोणता, प्रसंग काय होता आणि त्याने तो कसा घेतला? माझ्या साहेबांनी तोवर मला दिलेला सर्वांत महत्त्वाचा सल्ला होता, ‘मेल पाठवताना अटॅचमेंट जोडली का बघत जा.’ त्यावर ते बिचारे काय लिहिणार? कॉलेजातल्या प्राध्यापकांचं पत्र चालेल असं वाटत होतं, पण बहुतेक ठिकाणी कामावरचा वरिष्ठच हवा असतो. आणि साहेबांकडे पत्र मागायचं म्हणजे नव्याची नवलाई सरायच्या आत ‘मी निघालो’ हे सांगून टाकायचं, तेही अप्रेझलच्या तोंडावर. प्रवेश नाही मिळाला, तर मग त्याच खुर्चीत, त्याच माणसासमोर.

पुढे त्याच साहेबांनी एकदा एका मीटिंगनंतर मला बाजूला घेऊन खडसावलं, क्लायंटचं बोलणं मधेच तोडतोस म्हणून. ते लागलं, आणि मी सुधारलोही. पत्रात त्यांनी नेमकं तेच लिहिलं. मला काही सुचवावं लागलं नाही.

अर्थात, सगळ्यांचंच असं होईल असं नाही. लहान कंपनीत पहिल्याच वर्षी मोठं काम अंगावर पडलेले लोक मी पाहिलेत. तुमच्या साहेबांना दुसऱ्या प्रश्नावर आज चार ओळी लिहिता येत असतील तर खुशाल भरा. अजून कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला असाल तर हार्वर्डचं टू प्लस टू किंवा स्टॅनफर्डचा डिफर्ड प्रवेश बघा: जागा आधी पक्की, नोकरी नंतर. लंडन बिझनेस स्कूल, एचईसी पॅरिस इथलं मास्टर्स इन मॅनेजमेंट नवख्यांसाठीच असतं, पण तो वेगळा रस्ता आहे.

थांबणार असाल तरी जीमॅट ही प्रवेशपरीक्षा आत्ताच देऊन टाका. स्कोअर पाच वर्षं चालतो, आणि हाताखाली माणसं आल्यावर रात्री तिच्यातल्या क्वांटची गणितं घेऊन बसणं फार जिवावर येतं.