ठाण्यातील सुट्या भागांचे दुकान आणि माझी बिघडलेली केबल

ठाणे स्थानकाच्या पश्चिमेला, गोखले रस्त्यालगतच्या एका गल्लीत इलेक्ट्रॉनिक्सच्या सुट्या भागांचे लहानसे दुकान आहे. जुन्या इयरफोनची तार वापरून घरी तयार केलेली ३.५ मिमीची स्टिरिओ केबल घेऊन मी तेथे गेलो, कारण तिच्यातून फक्त डाव्या बाजूचा आवाज येत होता आणि पिन जरा हलवली की तोही बंद पडत असे.

दुकानातील काकांनी नवी केबल गळ्यात मारली नाही. त्यांनी मल्टिमीटर (तार सलग जोडलेली असली की बीप वाजवून सांगणारे मोजयंत्र) हातात देऊन दोन्ही टोके मलाच तपासायला लावली. पिनचे टोक म्हणजे डावा चॅनल, मधले कडे म्हणजे उजवा आणि मागचा भाग म्हणजे ग्राउंड, दोन्ही चॅनलची सामाईक परतीची तार. यांपैकी मधल्या कड्यावर बीप वाजेना. इयरफोनच्या बारीक तारेवर लाखेसारखा पातळ थर असतो आणि तो जाळल्याशिवाय किंवा खरवडल्याशिवाय कथील (सोल्डर) धरत नाही, हे त्यांनी भिंगाखाली दाखवले. माझ्या जोडावर कथलाचा गोल मणी नुसता टेकला होता, तारेला चिकटलाच नव्हता. पिनच्या मागची पकड तारेच्या आवरणावर न दाबल्यामुळे प्रत्येक हिसका थेट ग्राउंडच्या जोडावर बसत होता, हा दुसरा दोष.

जागा अरुंद आहे आणि शनिवारी संध्याकाळी बराच वेळ उभे राहावे लागते, शिवाय बिल मागून घ्यावे लागते. तरीही नवशिक्यांनी आवर्जून जावे. मात्र जोड झाकण्यासाठी त्यावर चढवायची प्लास्टिकची नळी सोल्डरिंगपूर्वीच तारेत ओवून ठेवावी.