स्केटबोर्ड: बंदी, कुंपण की नुसती पाटी?

कॅलिफोर्नियातल्या आमच्या शहराने बाजारपेठेतल्या स्केटबोर्डिंगबद्दल रहिवाशांची मतं मागवली आहेत. माझा मुलगा बारा वर्षांचा, शाळा सुटली की बोर्डवर. आमच्याच इमारतीतल्या आजी संध्याकाळी त्याच फुटपाथवरून काठी टेकत जातात. मला दोघांचीही काळजी आहे. समोर तीन पर्याय आहेत: बाजारपेठेत सरसकट बंदी, कुंपण घातलेला, ठरावीक वेळेत उघडणारा देखरेखीचा स्केटपार्क (म्हणजे खास स्केटबोर्डसाठी बांधलेली जागा), किंवा उघडा स्केटपार्क आणि दारात नियमांची पाटी. तुमच्या शहरातही असं मत द्यायची वेळ आली असेल, तर मी काय तपासलं ते सांगते.

बंदीचं टोक गाठलं ते नॉर्वेने. १९७८ ते १९८९ या काळात तिथे स्केटबोर्ड वापरायला, विकायला आणि आयात करायलाही मनाई होती. मुलांना इजा होईल ही भीती त्यामागे होती, आणि ती खोटी नव्हती. पण खेळ थांबला नाही. बोर्ड चोरून आणले गेले, रॅम्प रानात लपवून बांधले गेले. पडल्यावर मदतीला मोठं माणूस नाही अशा जागी मुलं गेली. आई म्हणून मला ही बंदी तिथेच फसलेली दिसते.

फिलाडेल्फियाचं लव्ह पार्क हे शहराच्या मधोमध असलेल्या चौकाचं उदाहरण. ग्रॅनाइटचे कठडे, पायऱ्या, कारंजं यांमुळे ते जगभरच्या स्केटर्सना ठाऊक झालं. कठडे झिजतात, तुटतात ही शहराची तक्रार खरीच होती. २००२ मध्ये पार्कची डागडुजी करून तिथल्या स्केटिंगवरच्या बंदीची कडक अंमलबजावणी सुरू झाली. तेव्हा या चौकाची मूळ कल्पना मांडणारे नगररचनाकार एडमंड बेकन, वय ९२, निषेध म्हणून स्वतः बोर्डवर उभे राहिले. दोन्ही बाजूंनी माणसांनी धरलेलं, डोक्यावर हेल्मेट. मला त्यात सगळा मुद्दा दिसतो: त्यांनी बंदी मोडली, पण हेल्मेट घातलं. २००४ मध्ये डीसी शूज या स्केटबोर्डिंगचे बूट बनवणाऱ्या कंपनीने दुरुस्तीसाठी दहा लाख डॉलर देऊ केले, तरी शहराने नकार दिला. शेवटी २०१६ मध्ये जुना चौक पाडण्याआधी मोजके दिवस स्केटिंगला परवानगी मिळाली.

आता आपल्या राज्याचा, म्हणजे कॅलिफोर्नियाचा कायदा, कारण तुमचं मत याच चौकटीत बसवलं जाणार आहे. अठरा वर्षांखालच्या मुलाला रस्त्यावर किंवा सायकलमार्गावर स्केटबोर्ड चालवताना हेल्मेट बंधनकारक आहे. रस्ते आणि फुटपाथवर स्केटबोर्डला मनाई करायची की नाही, हे स्थानिक प्रशासन ठरवू शकतं. सार्वजनिक स्केटपार्कमध्ये मात्र वयाची अट न बघता हेल्मेट, कोपराचे आणि गुडघ्याचे पॅड, तिन्ही लागतात. पार्कवर नियमित देखरेख नसेल तर शहराने तसा स्थानिक नियम करून पाटी लावली की कायद्याची पूर्तता होते.

हे मला आधी उलटं वाटलं. तीस वर्षांचा माणूस मोटारींच्या गर्दीत उघड्या डोक्याने जाऊ शकतो, पण खास या खेळासाठी ओतलेल्या काँक्रीटवर त्याला पॅड नसल्याबद्दल दंड होऊ शकतो. यामागे दाव्यांची भीती आहे. धोकादायक खेळ म्हणून स्केटिंगची कायद्यात नोंद झाल्यामुळे अटी पाळणाऱ्या शहरांना नुकसानभरपाईच्या दाव्यांपासून बरंच संरक्षण मिळालं, आणि पार्क बांधायला शहरं धजावली. म्हणजे पॅड ही पार्कची किंमत आहे. ती मी देईन. पण पॅडसाठी दंडाचा बडगा रोज उगारला, तर मोठी मुलं पार्क सोडून पार्किंगच्या जागेत जातील हेही मला दिसतं.

कुंपणवाल्या पार्कमध्ये लहानग्यांना शिकवणारं कुणीतरी असतं, हा मोठा फायदा. तोटा वेळेचा आणि अनेकदा पैशाचा. ज्या घरात आईबाप दोघंही उशिरा येतात, तिथल्या मुलाला चार ते सहा ही वेळ जमेलच असं नाही.

उघड्या पार्कबद्दल माझा विश्वास वाढला तो ओरेगन राज्यातल्या पोर्टलंड शहरामुळे. बर्नसाइड पुलाखाली १९९० मध्ये स्केटर्सनी परवानगी न घेता स्वतः काँक्रीट ओतायला सुरुवात केली. उपेक्षित जागेत वर्दळ आली, आसपासच्या व्यावसायिकांनी पाठिंबा दिला, आणि शहराने नंतर मान्यता दिली. ज्यांनी जागा घडवली तेच ती सांभाळतात. प्रत्येक शहराने मुलांच्या हाती सिमेंट द्यावं असं मी म्हणत नाही, पण आराखडा काढताना त्यांना बोलवावंच.

माझं मत उघड्या पार्कला आहे. आठवड्यातले काही तास नवशिक्यांसाठी शिक्षक असावा, आणि बाजारपेठेत बंदी फक्त गर्दीच्या फुटपाथांपुरती असावी. एवढ्या बंदीने आजींचा रस्ता मोकळा राहतो. सबंध बाजारपेठ बंद केली तर माझ्या मुलाला पार्कपर्यंत बोर्डवरून जाताच येणार नाही, कारण आमच्याकडून वाट तिथूनच आहे. तुमच्या शहराचा नकाशा उघडा आणि घरापासून नियोजित पार्कपर्यंत बोट फिरवून बघा.