जुनी खुर्ची, लोखंडी ट्रंक: चॉक पेंट, ऑइल पेंट की नुसतं पॉलिश?

माळ्यावरची आरामखुर्ची, पत्र्याची ट्रंक, पुण्याच्या जुन्या बाजारात रविवारी किंवा बुधवारी घासाघीस करून आणलेली तिपाई. यांना नवं रूप द्यायच्या तीन वाटा आहेत: घरी कालवलेला चॉक पेंट म्हणजे खडू पावडर मिसळलेला मंद, बिनचकाकीचा रंग, डब्यातला ऑइल पेंट म्हणजे सिंथेटिक इनॅमल, किंवा रंग न देता चपडीचं, म्हणजे लाखेचं (शेलॅक) पॉलिश. तिन्ही वाटा स्वस्त आहेत आणि तिन्ही घरच्या घरी जमतात. बहुतेक जण फोटो बघून यातली एक निवडतात. निवडायला हवी ती वस्तूचा पृष्ठभाग आणि तिचा रोजचा वापर बघून. नाहीतर चार महिन्यांत पोपडे धरतात.

'शॅबी शीक' म्हणजे मुद्दाम ठेवलेला जुनेपणा: मंद पांढुरके रंग, घासलेल्या कडा, खालचा थर जरा डोकावणारा. हे नाव लोकप्रिय झालं ते रेचल अ‍ॅशवेल यांनी १९८९ साली कॅलिफोर्नियात सांता मोनिकाला काढलेल्या दुकानामुळे. पुढच्याच वर्षी, १९९० मध्ये, इंग्लंडमधल्या ऑक्सफर्डच्या अ‍ॅनी स्लोन यांनी चॉक पेंट बाजारात आणला. आधी न घासता, प्रायमर न मारता लावायचा रंग अशी त्याची ख्याती आहे, आणि आपल्याकडची गफलत इथेच होते. पुण्यातल्या घरांतलं जुनं सामान बरंचसं सागवानी. साग तेलकट असतो आणि त्यातली रंगद्रव्यं पाण्यातल्या रंगात उतरतात. दोन दिवसांपूर्वी दिलेल्या पांढऱ्या हातावर (रंगाच्या थरावर) चहा सांडल्यासारखे तपकिरी डाग उमटतात. तिसरा हात मारा, चौथा मारा, डाग वर येतच राहतात.

आधी वस्तू ओळखा

स्पिरिटमध्ये बुडवलेला कापसाचा बोळा वस्तूच्या मागच्या किंवा खालच्या बाजूला अर्धा मिनिट दाबून धरा. पृष्ठभाग चिकट झाला, बोळा तपकिरी झाला, तर जुनं चपडीचं पॉलिश आहे. स्पिरिटला काही झालं नाही, पण एनसी थिनरने (लॅकर पातळ करायच्या द्रावणाने) विरघळलं, तर लॅकर आहे. दोन्हीला दाद देत नसेल तर मेलामाइन, पीयू (पॉलियुरेथेन) किंवा जुना ऑइल पेंट.

मग लाकूड. पायाच्या तळाशी किंवा खणाच्या आतल्या बाजूला रंग पोचलेला नसतो, तिथे काचपेपर दोनदा फिरवा. सोनेरी तपकिरी, किंचित तेलकट, चामड्यासारखा वास असलेलं लाकूड साग. पांढुरकं, हलकं, नखाने ओरखडा उठणारं लाकूड बहुधा देवदार किंवा आंबा.

बाजारातून विकत घेत असाल तर वस्तू उलटी करून ठोका. टाचणीच्या डोक्याएवढ्या भोकांतून मैद्यासारखी भुकटी पडली तर भुंगा आत जिवंत आहे. अशी वस्तू घासाघीस न करता सोडून द्या. घरचीच असेल तर प्रत्येक भोकात इंजेक्शनच्या सिरिंजने लाकडाचं कीडनाशक भरा, आठवडाभर खाली काळा कागद अंथरून नवी भुकटी पडते का बघा, आणि मगच रंगाकडे वळा. सांध्यांमध्ये ढेकूण आहेत का, हेही बघून घ्या.

सागवान असेल तर

सागवानी वस्तूवर रंग हा शेवटचा उपाय आहे, असं आमचं स्पष्ट मत आहे. पॉलिश उतरवता येतं, नवं चढवता येतं, एका कोपऱ्यावर चरा पडला तर तेवढाच भाग दुरुस्त होतो, कारण चपडीचा नवा हात जुन्यात विरघळून एकजीव होतो. रंग मात्र सागाच्या रेषांत आणि कोरीव कामात जाऊन बसतो आणि पुढे कितीही खरवडला तरी पूर्ण निघत नाही. खुर्ची मळकी दिसते म्हणून ती रंगवायला निघाला असाल, तर आधी टर्पेंटाइनमध्ये भिजवलेल्या कापडाने पुसून पाहा. पुष्कळदा फक्त चाळीस वर्षांचा तेलकट मळ असतो.

पॉलिशला लागतं काय? १ लिटर स्पिरिटला १२० ग्रॅम चपडी. बाटलीत रात्रभर भिजत ठेवायची, मधूनमधून हलवायची, सकाळी मलमलमधून गाळायची. लाकूड १२०, १८०, २२० नंबरच्या काचपेपरने रेषेच्या दिशेनेच घासायचं. आडवं घासलं तर ते ओरखडे पॉलिशखाली दुप्पट उठून दिसतात. मलमलच्या कापडात कापूस गुंडाळून बोळा करा, सहा ते आठ पातळ हात द्या, दोन हातांमध्ये अर्धा-पाऊण तास सोडा, प्रत्येक दोन-तीन हातांनंतर ३२० नंबरचा कागद हलकेच फिरवा. बोळा एका जागी थांबला की खालचा थर उचलला जातो, म्हणून विमान उतरून परत उडावं तसा तो चालता ठेवूनच टेकवायचा आणि चालतानाच उचलायचा. कमतरता एवढीच की गरम कप आणि सांडलेलं पाणी यांचे पांढरे गोल उमटतात. जेवणाच्या टेबलाला हे पॉलिश देऊ नका.

सागवान रंगवणं योग्य कधी? एक पाय दुसऱ्याच लाकडाचा बसवलेला असेल, भोकं आणि चिरा लांबीने (पुट्टीने) भरल्या असतील, शाईचे खोल डाग असतील, किंवा कुणीतरी आधीच ऑइल पेंट फासला असेल तेव्हा. अशा वेळी चपडीचेच दोन हात आधी मारा, तेच इथे प्रायमरचं काम करतात. डाग अडतात, आणि वर चॉक पेंटही धरतो. ही पायरी गाळली की वर सांगितलेले चहाचे डाग येणारच. देवदाराच्या गाठींनाही हाच उपाय, नाहीतर त्यांतला डिंक पिवळा होऊन वर येतो.

चॉक पेंट: कुठे खुलतो, कुठे फसतो

त्याची खरी जागा म्हणजे हलक्या लाकडाच्या चौकटी, प्लायचे स्टूल, पाट, आरशाच्या फ्रेमा, पुस्तकांची मांडणी. वास जवळजवळ नाही, ब्रश पाण्याने धुतला जातो, दोन हात एका दिवसात होतात. वन बीएचकेमध्ये, बाल्कनीच्या दोन बाय चार फुटांत काम करणाऱ्याला हे फार सोयीचं.

प्रमाण असं: आतल्या भिंतीचं मॅट इमल्शन १ वाटी, खडू पावडर पाव ते एक तृतीयांश वाटी, पाणी तीन-चार टेबलस्पून. पावडर आधी पाण्यात गुठळी न राहता कालवा, मगच इमल्शनमध्ये ओता, आणि शेवटी जुन्या ओढणीतून गाळा. कोरडी पावडर थेट रंगात टाकली तर बारीक गोळ्या होतात आणि ब्रशखाली फुटून पांढऱ्या रेघा ओढतात. मिश्रण डोशाच्या पिठाइतकं दाट हवं. पहिला हात पट्टेरी दिसतो, घाबरून त्यावरून परत ब्रश फिरवू नका. दोन तास थांबून दुसरा हात द्या. नेहमीच्या आकाराच्या खुर्चीला पाव लिटर पुरतो. इमल्शनचा डबा १ लिटरचा घेतला तर उरलेल्यात दोन फ्रेमा आणि एक पाट सहज होतो.

खडू पावडरऐवजी प्लास्टर ऑफ पॅरिस वापरायला पुष्कळ जण सांगतात. रंग चालतो, पण अर्ध्या तासात वाटीत घट्ट व्हायला लागतो. तेव्हा पाणी घालून तो परत सैल करायचा मोह होतो, आणि तसा लावलेला थर वाळल्यावर बोटाला पिठासारखा लागतो. खडू पावडर आवळून बसत नाही, उरलेला रंग झाकणबंद डब्यात काही दिवस टिकतो. बोहरी आळीत रंगाच्या आणि हार्डवेअरच्या दुकानांत ती सुटी मागा. डिस्टेंपरमध्ये मात्र हा प्रयोग करूच नका. त्यात धरून ठेवणारा घटक आधीच कमी असतो, वर पावडर घातली की कपड्यांना रंग लागतो. पावडर जास्त झालीय का हे बघायला वाळलेल्या कोपऱ्यावर काळं कापड घासा. पांढरं उठलं तर मिश्रणात थोडं इमल्शन वाढवून आणखी एक हात द्या.

जुनेपणा आणायला खाली गडद थर द्या, राखाडी किंवा तपकिरी. तो वाळल्यावर साध्या मेणबत्तीचा तुकडा कडांवर घासा, वर पांढुरका हात द्या, आणि वाळला की २२० नंबरच्या कागदाने तेवढीच जागा खरवडा. मेण लागलेल्या जागी रंग सुटतो आणि खालचा दिसतो. कुठे खरवडायचं? जिथे माणसाचा हात आणि पाय खरोखर लागतो तिथेच: हाताच्या दांडीचं टोक, बैठकीची पुढची कड, पाय ठेवायची आडवी पट्टी. पाठीच्या मधोमध घासलं की ते खोटं दिसतं.

वरचं संरक्षण हा या वाटेचा कच्चा दुवा आहे. मधमाशीचं मेण ५० ग्रॅम गरम पाण्यावर ठेवलेल्या भांड्यात वितळवायचं, शेगडीपासून लांब नेऊन त्यात १५० मिलीलिटर टर्पेंटाइन मिसळायचं. ज्योतीजवळ टर्पेंटाइन अजिबात उघडू नका, ते पेट घेतं, आणि काम झाल्यावरची फडकी चुरगाळून न ठेवता पसरून वाळवा. हे मेण फ्रेमेला, शेल्फला उत्तम. पण चहाच्या ग्लासाच्या उष्णतेने ते मऊ पडतं आणि गोल डाग राहतो. म्हणून तिपाईच्या वरच्या फळीला पाण्यातलं पीयू क्लिअर, दोन-तीन पातळ हात. मेण लावल्यावर त्यावर पीयू धरत नाही, तेव्हा हा निर्णय आधीच घ्यावा लागतो.

लोखंडी ट्रंक आणि कपाट

इथे ऑइल पेंट सरळ जिंकतो. उघड्या पत्र्यावर पाण्यातला रंग लावला की वाळता वाळताच गंज धरतो आणि पांढऱ्यातून नारिंगी ठिपके फुटतात. तारेचा ब्रश, मग ८० नंबरचं इमरी कापड, टर्पेंटाइनने पुसणं, त्याच दिवशी रेड ऑक्साइड मेटल प्रायमर. 'उद्या प्रायमर मारू' म्हणून घासलेला पत्रा पावसाळी हवेत रात्रभर ठेवला तर सकाळी परत तांबूस झालेला असतो. दुसऱ्या दिवशी इनॅमलमध्ये दहावा हिस्सा टर्पेंटाइन घालून पातळ हात, ८ ते १२ तासांनी दुसरा. इनॅमल २०० मिलीलिटरच्या डब्यातही मिळतं, त्यामुळे एका ट्रंकेसाठी उगाच लिटरभर घ्यावं लागत नाही. चकाकी नको असेल तर सॅटिन मागा.

ट्रंकेच्या आत रंग देऊ नका. बंद झाकणाखाली त्याचा वास महिनोन् महिने साड्यांना लागतो. आत जुन्या सुती साडीचं अस्तर खळीने चिकटवा, खळ शिजवताना चिमूटभर मोरचूद घाला म्हणजे झुरळं आणि कसर लागत नाही. मोरचूद विषारी आहे, तेव्हा ते भांडं स्वयंपाकात परत वापरायचं नाही.

ट्रंकेला शॅबी रूप हवंच असेल तर रेड ऑक्साइड पूर्ण वाळू द्या, २२० ने जरा खरखरीत करा आणि वर चॉक पेंट लावा. कडा घासताना खालचा तांबडा डोकावतो, तो छान दिसतो. मात्र पत्रा उघडा पडेपर्यंत घासायचं नाही. निव्वळ ऑइल पेंटवर हा खेळ जमत नाही: तो आठवडाभर आतून ओला असतो, काचपेपरला चिकटतो आणि सालपटासारखा निघतो. पांढरा ऑइल पेंट अंधाऱ्या खोलीत पिवळाही पडतो, म्हणून सुरुवातच मोतिया रंगाने करा.

सनमायक्यावर यातलं काहीच नीट बसत नाही. तरी करायचंच असेल तर १८० नंबरने चकाकी मारून खास पकड घेणारा प्रायमर लावा. वाळल्यावर ब्लेडने फुली काढा, चिकटपट्टी दाबून झटक्यात ओढा, रंग सोबत आला तर तिथेच थांबा. तांब्या-पितळेची भांडी रंगवू नका. चिंच आणि मीठ लावून उजळा, किंवा चेपलेली असतील तर पुण्यात कसबा पेठेतल्या तांबट आळीत न्या.

जुना रंग खरवडताना

घरगुती रंगांत शिशाचं प्रमाण दहा लाखांत ९० भागांपेक्षा जास्त नसावं हा नियम भारतात १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या पाळण्यावर, खिडकीवर, स्टुलावर असलेल्या ऑइल पेंटमध्ये शिसं असू शकतं. तो कोरडा घासू नका. वॉटरपेपर आणि पाणी, तोंडाला चांगला मास्क, खाली प्लास्टिक, आणि लहान मुलं दुसऱ्या खोलीत. गर्भवती बाईने हे काम करूच नये. लहान बाळासाठी जुना रंगीत पाळणा घरी खरवडण्यापेक्षा न वापरलेलाच बरा.

कधी करायचं

जून ते सप्टेंबर पॉलिशला हात लावू नका. दमट हवेत चपडीवर दुधासारखी साय धरते. ऑइल पेंटही दुप्पट वेळ घेतो. एप्रिल-मेच्या दुपारी उलटं होतं, चॉक पेंट ब्रशखालीच सुकतो आणि केसांच्या रेघा राहतात. तेव्हा सकाळी दहाच्या आत काम उरकायचं. तिन्हींसाठी निवांत काळ म्हणजे दिवाळीनंतर ते फेब्रुवारीअखेर.

वेताची खुर्ची असेल तर क्रम पाळा: फाटका वेत काढा, भोकं साफ करा, सैल सांधे फेव्हिकॉल भरून सुतळीने आवळून २४ तास ठेवा, मग रंग किंवा पॉलिश, आणि विणकाम सगळ्यात शेवटी. चॉक पेंटवर मेण दिलेली वस्तू दुसऱ्या दिवशी हाताला कोरडी लागते, पण खरी कडक व्हायला तीन आठवडे घेते. तोवर तिच्यावर कुंडी, फुलदाणी, ओला ग्लास ठेवायचा नाही. इनॅमलला आठ दिवस द्या. ट्रंकेचं झाकण त्या आठ दिवसांत काठावर काडेपेटीचा तुकडा अडकवून किंचित उघडं ठेवा, नाहीतर कड कडेला चिकटते आणि उघडताना दोन्हीकडचा रंग सोलून निघतो.