बोत्सवाना आणि मोझांबिक: एक उघडी वही, एक झाकलेली

दोन्ही देश आफ्रिकेच्या दक्षिणेचे, पण सरकारी हिशोब ठेवण्याची रीत अगदी वेगळी.

बोत्सवानाने हिऱ्यांच्या कमाईतून १९९४मध्ये 'पुला फंड' हा सरकारी बचत निधी उभारला. पुला म्हणजे पाऊस, आणि तेच चलनाचं नाव. कोरड्या देशाला शोभणारं! खाणींची मुख्य कंपनी देब्स्वाना. तिच्यात सरकार आणि डी बिअर्स ही बडी हिरे कंपनी यांची निम्मी निम्मी भागीदारी, त्यामुळे पैसा कुठून येतो हे सर्वांना ठाऊक.

मोझांबिकची कथा नेमकी उलटी. २०१३-१४मध्ये ट्यूना मासेमारी आणि किनारा-सुरक्षेच्या नावाखाली सरकारी कंपन्यांनी सुमारे २ अब्ज डॉलरचं कर्ज उचललं, हमी सरकारची. संसदेला मात्र पत्ताच नाही. २०१६मध्ये भांडं फुटलं. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने मदत थांबवली, देणगीदार देशांनी हात आखडले, तिथलं चलन मेटिकल गडगडलं, महागाई भडकली. बोटींशी काडीचा संबंध नसलेल्या राजधानी मापुटोच्या दुकानदारालाही आयात माल महाग पडू लागला. माजी अर्थमंत्री मानुएल चांग यांना २०२४मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयाने दोषी ठरवलं.

माझं माप बोत्सवानाच्या बाजूने झुकतं. तरी प्रयोगशाळेतल्या हिऱ्यांनी बाजार खाल्ल्यापासून तिथली तिजोरीही आटतेय. चोख हिशोब असला तरी एकाच मालावरचा संसार तो सावरू शकत नाही.